धनंजयराव गाडगीळ

रणांगणावर पराक्रम गाजविणाऱ्या वीरांच्या कथा आपण आवडीने ऐकतो. संतांची चरित्रे आपल्या घरांतून भक्तिभावाने वाचली जातात. परंतु देशसेवेचे मार्ग अनेक आहेत. खेड्यातील शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज किती आहे, ते कशामुळे झाले आणि ते कसे फिटेल, याचा शोध घेणे हीदेखील देशसेवाच होय. सरकारजवळ जो पैसा आहे तो कोणाला, किती आणि कोणत्या नियमाने द्यावा, हे निःपक्षपाती बुद्धीने ठरविणे हे तर फारच अवघड काम आहे. अर्थशास्त्रज्ञ धनंजय रामचंद्र गाडगीळ यांनी आपले सारे आयुष्य अशाच कामात वेचले.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. त्यांचे बालपण आणि शालेय शिक्षण नागपुरास झाले. तो काळ पारतंत्र्याचा होता. दादाभाई नौरोजी, न्यायमूर्ती रानडे, नामदार गोखले अशा थोर पुरुषांनी आपला देश दरिद्री का झाला, हा प्रश्न लोकांपुढे मांडला होता. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची जबाबदारी आता नव्या पिढीवर येऊन पडली होती. बुद्धिमान धनंजयराव उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेले आणि केंब्रिज विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला.

तेथे त्यांनी प्रबंधासाठी जो विषय निवडला, तो आपल्या देशाचाच होता. आगगाड्या आल्या, गिरण्या उभ्या राहिल्या, विलायतेचा माल बाजारात आला. या घडामोडींत येथील शेतकऱ्याचे काय झाले? कोष्टी, लोहार, तांबट यांसारख्या कारागिरांचे जुने उद्योग कसे मोडले? नवे कारखाने कोठे व का निघाले? या साऱ्याचा इतिहास त्यांनी जुने सरकारी अहवाल तपासून लिहून काढला. १९२४ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा लेखकाचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. पुढे त्या ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्यांनी तो अभ्यासला.

मायदेशी परतल्यावर धनंजयरावांनी काही काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यात काम केले. परंतु सरकारी नोकरीत त्यांचे मन रमले नाही. १९२५ साली ते सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. तेथे पाच वर्षे त्यांनी अध्यापन केले. इतक्यात त्यांच्या आयुष्याला वळण देणारी एक घटना घडली. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी मोठी देणगी दिली आणि तिच्या आधारे १९३० साली पुण्यास भारत सेवक समाजाच्या आवारात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. ज्या नामदार गोखल्यांनी देशाच्या दारिद्र्याचा प्रश्न अभ्यासपूर्वक मांडला, त्यांचेच नाव या संस्थेस देण्यात आले. तिचे पहिले संचालक म्हणून धनंजयरावांची निवड झाली. त्या वेळी ते एकोणतीस वर्षांचे होते. पुढे छत्तीस वर्षे, म्हणजे १९६६ पर्यंत, त्यांनी हे पद सांभाळले.

संस्था लहान होती, माणसे मोजकी होती आणि पैसाही बेताचाच होता. पण संचालकांची दृष्टी स्पष्ट होती. केवळ परदेशी ग्रंथ वाचून आपल्या देशाची आर्थिक स्थिती कळणार नाही, असे त्यांचे मत होते. ती कळावी म्हणून खेड्यात जावे लागेल, बाजारात उभे राहावे लागेल, घरोघर फिरून माहिती विचारावी लागेल आणि ती काळजीपूर्वक लिहून घ्यावी लागेल. अशा शोधाला आर्थिक पाहणी असे म्हणतात. आज पाहणी हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या काळी मात्र आपल्या देशात अशी कामे फारच थोडी झाली होती.

संस्थेने पहिली पाहणी हाती घेतली ती पुण्याच्या फळबाजाराची. बागेत पिकलेले फळ खाणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत कोणाकोणाच्या हातांतून जाते, गाडीभाडे किती पडते, अडत किती द्यावी लागते आणि अखेर बागवाल्याच्या पदरात काय पडते, हे तीत शोधण्यात आले. १९३३ साली तिचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्यानंतर मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांमधील मोटार वाहतुकीची पाहणी झाली. वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाची पाहणी झाली. १९३६ साली तर सबंध पुणे शहराच्याच पाहणीला आरंभ झाला. संस्थेची माणसे पेठापेठांतून हिंडू लागली. घरात माणसे किती, मिळवती किती, धंदा कोणता, मिळकत काय, राहावयास खोल्या किती, असे प्रश्न त्यांनी विचारले. या माहितीवर आधारलेला मोठा ग्रंथ पुढे १९४५ आणि १९५२ साली दोन भागांत निघाला.

शहरातील प्रत्येक घरी जाणे शक्य नसते. मग सर्व शहराची स्थिती कशी कळणार? आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. परंतु वरवरचेच शीत पाहिले, तर तळचा भात कच्चा राहिला आहे की काय, हे समजत नाही. त्यासाठी पातेल्याच्या सर्व भागांतील शिते पाहावी लागतात. त्याचप्रमाणे पाहणी करताना श्रीमंत आणि गरीब, वाडा आणि झोपडी, जवळची पेठ आणि दूरची पेठ अशी सर्व प्रकारची घरे ठरावीक नियमाने निवडावी लागतात. आपल्याला सोयीची घरे निवडली, तर आकडे दिसायला आकडेच दिसतात, पण ते खोटे बोलतात. हा नियम धनंजयरावांनी स्वतः पाळला आणि आपल्या सहकाऱ्यांच्या अंगी बाणविला.

संस्थेचा लौकिक वाढला, तशी सरकारेही धनंजयरावांचा सल्ला मागू लागली. १९४४ साली शेतीच्या कर्जाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमण्यात आली आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. शेतकऱ्याचे कर्ज हा त्या काळचा फार मोठा प्रश्न होता. बियाणे घ्यावयास पैसा हवा, बैल मेला तर नवा घ्यावयास पैसा हवा, पाऊस पडला नाही तर घरच्या पोटासाठीही पैसा हवा. हा पैसा सावकाराकडून मिळे. व्याज जबर असे. एक वर्ष पीक बुडाले, की व्याज थकून मुद्दलात मिळे आणि कर्ज फुगत जाई. पुष्कळदा बापाने काढलेले कर्ज मुलगा फेडीत राही आणि अखेर जमीन हातची जाई. जुन्या कर्जाचा हा बोजा कायद्याने हलका केल्याखेरीज नवे कर्ज देऊनही शेतकरी सुधारणार नाही, असा अभिप्राय समितीने दिला. पूर्वीच्या कर्जांची सक्तीने तडजोड व्हावी आणि त्यानंतर शेतीसाठी योग्य व्याजाने पैसा देणाऱ्या संस्था उभ्या राहाव्यात, अशी तिची सूचना होती.

याच सुमारास संस्थेने गोदावरी आणि प्रवरा या नद्यांच्या पाटांचाही अभ्यास केला. प्रवरा नदीवर भंडारदरा येथे बांधलेले धरण १९२६ साली पुरे झाले होते. त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कोरड्या रानात पाटाचे पाणी खेळू लागले होते. सरकार हिशेब करी तो पाणीपट्टी किती जमली याचा. धनंजयरावांनी हिशेब वेगळ्या प्रकारे मांडला. पाणी आल्यामुळे शेतकऱ्याचे पीक वाढते, मजुराला काम मिळते, गाडीवानाला भाडे मिळते, बाजारपेठ वाढते. धरणाची खरी किंमत ठरविताना हे सर्व लाभ मोजले पाहिजेत, असे त्यांनी दाखवून दिले. हा अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला.

परंतु पाणी आले म्हणजे सुख आलेच असे नव्हते. प्रवरेच्या पाटाखाली ऊस भरघोस येई. शेतकरी गुऱ्हाळे लावून गूळ तयार करीत आणि तो पेठेत नेत. गुळाचा भाव पडला की वर्षाची मेहनत पाण्यात जाई. खाजगी साखर कारखाने निघाले होते. पण ते धनिकांच्या मालकीचे असत आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी त्यांना खंडाने दिल्या होत्या. ऊस शेतकऱ्याच्या मुलखातला, पाणीही तेथलेच; साखरेचा नफा मात्र दुसऱ्याचा, अशी स्थिती होती.

लोणी या गावी विठ्ठलराव विखे पाटील नावाचे एक शेतकरी राहत होते. त्यांचे शालेय शिक्षण थोडेच झाले होते, परंतु व्यवहारज्ञान फार मोठे होते. १९२३ सालीच त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढून शेतकऱ्यांना सावकाराच्या पाशातून सोडविण्याचा यत्न आरंभला होता. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःच्या मालकीचा साखर कारखाना उभारावा, ही कल्पना धनंजयरावांनी बागाईतदारांपुढे मांडली आणि विठ्ठलरावांनी ती उचलून धरली. केंब्रिजचा पदवीधर आणि लोणीचा शेतकरी असे हे दोघे एका कामाला लागले.

काम सोपे नव्हते. कारखान्याला लाखो रुपयांचे भांडवल लागते. शेतकऱ्यांजवळ रोकड नव्हती आणि विश्वासही नव्हता. आपल्यासारख्या नांगर धरणाऱ्यांना कारखाना चालविता येईल काय, अशी शंका अनेकांना वाटे. विठ्ठलराव गावोगाव हिंडले, शेतकऱ्यांची समजूत घालून त्यांनी एकेक भाग विकला. इकडे धनंजयरावांनी योजना तयार केली, हिशेब मांडले आणि सरकार व बँका यांच्याशी बोलणी केली. मुंबई राज्याचे मंत्री आणि सहकाराचे थोर पुरस्कर्ते वैकुंठभाई मेहता यांनी या कार्यास पाठबळ दिले. अखेर १९५० साली प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. महाराष्ट्रातील हा पहिला सहकारी साखर कारखाना होय. शेतकऱ्यांनी त्याचे पहिले अध्यक्षपद धनंजयरावांना दिले आणि सुमारे दहा वर्षे त्यांनी ते सांभाळले. पुण्याहून ते लोणीस जात, सभासदांच्या अडचणी ऐकत आणि कारभाराचे बारीकसारीक हिशेब तपासत. अहवाल लिहून ते मोकळे झाले नाहीत. आपण दिलेला सल्ला प्रत्यक्षात उतरतो की नाही, हे त्यांनी स्वतः उभे राहून पाहिले.

प्रवरेचे उदाहरण पाहून महाराष्ट्रात ठिकठिकाणी सहकारी साखर कारखाने निघाले. त्यांच्या आधाराने शाळा, महाविद्यालये आणि दवाखाने उभे राहिले. या यशाला उणीवही होती, हे आज आपल्याला दिसते. ज्याच्याजवळ जमीन आणि पाणी होते, तो सभासद झाला. दूरच्या दुष्काळी भागातून बैलगाडी घेऊन येणाऱ्या ऊसतोड मजुराच्या वाट्यास या भरभराटीतले फार थोडे आले. चांगली योजनासुद्धा सर्वांपर्यंत पोचते की नाही, हे पुन्हा पुन्हा तपासावे लागते, हाच बोध यावरून घेतला पाहिजे.

देश स्वतंत्र झाल्यावर धनंजयरावांच्या कामाचा व्याप सबंध भारतभर पसरला. १९५१ साली रिझर्व्ह बँकेने ग्रामीण कर्जाची अखिल भारतीय पाहणी हाती घेतली. तिच्या मार्गदर्शक समितीचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला हे होते आणि धनंजयराव एक सदस्य होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० खेडी निवडण्यात आली आणि सुमारे सव्वा लाख कुटुंबांची माहिती गोळा करण्यात आली. जे आकडे हाती आले ते डोळे उघडणारे होते. शेतकरी जे शंभर रुपये कर्ज काढी, त्यांतील सुमारे सत्तर रुपये सावकाराकडून येत आणि सहकारी संस्थांकडून येत ते फक्त तीन! सहकाराची एवढी वर्षे चर्चा होऊनही खरी स्थिती ही अशी होती.

सहकारावर ज्याची श्रद्धा आहे, त्याला असे आकडे झाकून ठेवावेसे वाटले असते. धनंजयराव आणि त्यांचे सहकारी यांनी तसे केले नाही. १९५४ च्या अहवालात त्यांनी हे अपयश उघडपणे मांडले. गरीब शेतकऱ्यांच्या दुबळ्या संस्था सावकार व व्यापारी यांच्यापुढे एकट्याने टिकू शकत नाहीत, म्हणून सरकारने त्यांच्या भांडवलात भागीदार होऊन त्यांना बळ द्यावे, असा उपाय त्यांनी सुचविला. खेड्यांपर्यंत पोचणारी एक मोठी सरकारी बँक असावी, असेही त्यांनी सांगितले. त्या सूचनेस अनुसरून १९५५ साली भारतीय स्टेट बँक अस्तित्वात आली.

या काळात देशात पंचवार्षिक योजना सुरू झाल्या होत्या. पाच वर्षांत धरणे किती बांधावयाची, कारखाने किती काढावयाचे, शाळा किती उघडावयाच्या आणि त्यासाठी पैसा कोठून आणावयाचा, हे आधीच ठरविण्याला नियोजन म्हणतात. दुसऱ्या योजनेच्या वेळी सरकारने अर्थशास्त्रज्ञांचे एक सल्लागार मंडळ नेमले, त्यात धनंजयराव होते. नियोजन हवेच, असे त्यांचे ठाम मत होते. तरीही त्या नियोजनातील दोष दाखविण्यास ते कचरले नाहीत. केवळ मोठमोठ्या कामांची यादी केली म्हणजे नियोजन होत नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले. धान्याचे भाव आवरले नाहीत, गरिबाला रोजगार मिळाला नाही आणि मूठभर लोकांच्याच हाती संपत्ती साठत गेली, तर योजनेचा हेतू विफल होईल, असा इशारा त्यांनी आपल्या लेखांतून आणि व्याख्यानांतून वारंवार दिला. सल्लागाराने सत्ताधाऱ्यांना आवडेल तेच सांगितले, तर त्याचा सल्ला कुचकामी ठरतो. धनंजयरावांनी हा मोह सदैव टाळला.

१९६६ साली ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच सुमारास राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. त्यानंतर १९६७ साली भारताच्या नियोजन मंडळाचे उपाध्यक्षपद त्यांच्याकडे आले. या मंडळाचे अध्यक्ष स्वतः पंतप्रधान असत. प्रत्यक्ष कामाची धुरा उपाध्यक्षांकडे असे. ज्याने आयुष्यभर नियोजनाचे गुणदोष सांगितले, त्याच्याच खांद्यावर आता त्या नियोजनाचे ओझे येऊन पडले.

काळ मोठा कठीण होता. १९६२ आणि १९६५ साली देशाला युद्धे लढावी लागली होती. १९६५ आणि १९६६ ही लागोपाठ दोन वर्षे दुष्काळाची गेली होती. धान्य परदेशातून आणावे लागत होते. चौथी पंचवार्षिक योजना १९६६ साली सुरू व्हावयाची, ती लांबणीवर पडली आणि तीन वर्षे एकेका वर्षाच्या योजनांवर भागवावे लागले. शिवाय १९६७ च्या निवडणुकीनंतर अनेक राज्यांत निरनिराळ्या पक्षांची सरकारे आली होती. केंद्र सरकार आपल्याला न्याय देईल काय, अशी शंका त्यांपैकी अनेकांच्या मनात होती.

या शंकेला कारण होते. राज्यांच्या योजनांसाठी केंद्र सरकार दरवर्षी पैसा देई. पण कोणत्या राज्याला किती द्यावयाचे, याचा निश्चित असा नियम पहिल्या तीन योजनांत नव्हता. एकेका कामासाठी मागणी यावी, बोलणी व्हावी आणि रक्कम मंजूर व्हावी, अशी रीत होती. ज्या राज्याचे वजन अधिक, ज्याचे म्हणणे अधिक आग्रहाने मांडले जाई, त्याला अधिक मिळते अशी इतरांची तक्रार असे. घरात खाऊ आला आणि वाटणीचा नियम नसला, तर जो मोठ्याने रडतो त्याच्या हाती अधिक पडते आणि गप्प बसणारे भावंड मनात कुढत राहते. घरातील रुसवा सायंकाळपर्यंत निवळतो. राज्याराज्यांतील रुसवा मात्र वाढत गेला, तर देशाची एकी धोक्यात येते.

धनंजयरावांनी ही अडचण ओळखली. वाटणी अशा नियमाने व्हावी, की जो नियम सर्वांना आधीच ठाऊक असेल, सर्वांना सारखा लागू होईल आणि ज्याचा हिशेब कोणालाही करून पाहता येईल, असे त्यांनी ठरविले. त्यांनी राज्यांशी विचारविनिमय केला आणि एक सूत्र तयार केले. सर्व मुख्यमंत्री जिचे सदस्य होते, त्या राष्ट्रीय विकास परिषदेने ते मान्य केले आणि १९६९ साली सुरू झालेल्या चौथ्या योजनेत ते अमलात आले. हेच प्रसिद्ध गाडगीळ सूत्र होय.

हे सूत्र समजण्यास अवघड नाही. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर ही राज्ये सीमेवरची आणि डोंगराळ. त्यांची गरज आधी भागवावयाची. मग जी रक्कम उरेल ती शंभर रुपये आहे असे समजा. त्यांतील साठ रुपये इतर राज्यांना त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात द्यावयाचे. दहा रुपये, ज्या राज्यांतील माणशी उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी आहे, अशाच राज्यांना द्यावयाचे. दहा रुपये, राज्याने स्वतः कर गोळा करण्यासाठी किती यत्न केला, हे पाहून द्यावयाचे. दहा रुपये, पाटबंधारे आणि वीज यांची जी मोठी कामे आधीच सुरू झाली आहेत, ती पुरी करण्यासाठी द्यावयाचे. उरलेले दहा रुपये राज्यांच्या विशेष अडचणींसाठी ठेवावयाचे. या मदतीपैकी शेकडा तीस अनुदान असे, म्हणजे ते परत करावे लागत नसे. शेकडा सत्तर कर्जाऊ असे.

या सूत्रातील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. महाराष्ट्राचे माणशी उत्पन्न देशाच्या सरासरीहून अधिक होते. त्यामुळे मागासलेल्या राज्यांसाठी राखलेल्या दहा रुपयांतील एक पैही महाराष्ट्राला मिळावयाची नव्हती. धनंजयरावांचे महाराष्ट्रावर उत्कट प्रेम होते. परंतु न्यायासनावर बसलेल्या माणसाने घरच्यांकडे पाहून तराजू झुकवू नये, हा नियम त्यांनी पाळला.

हे सूत्र निर्दोष होते असे नाही. गरीब राज्यांसाठी दहाच रुपये राखले हे फार थोडे झाले, अशी टीका पुढे झाली आणि ती अयोग्य नव्हती. म्हणून १९८० साली सूत्रात बदल करून हा वाटा वीस रुपयांवर नेण्यात आला. पण बदल करावयाचा तो कशात, हे ठाऊक असण्यासाठी आधी नियम असावा लागतो. तो नियम धनंजयरावांनी घालून दिला. पुढील काळातही त्यात सुधारणा झाल्या, तरी त्यांचे नाव त्या सूत्राला चिकटून राहिले आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ राज्यांना मिळणारी मदत त्याच्या आधारे ठरत गेली.

याच काळात बँकांसंबंधीही त्यांनी एक मोलाची सूचना केली. जुलै १९६९ मध्ये देशातील चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. परंतु बँकांच्या शाखा मुख्यतः शहरांत होत्या. प्रत्येक जिल्ह्याचा निराळा विचार व्हावा आणि तेथील शेती व उद्योग यांच्या गरजा पाहून बँकांनी काम करावे, असे धनंजयरावांच्या अध्यक्षतेखालील एका अभ्यासगटाने सुचविले. त्यातूनच एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेवर सोपविण्याची अग्रणी बँक योजना निघाली.

दिल्लीतील ही वर्षे त्यांना कष्टाची गेली. प्रकृती साथ देत नव्हती. योजनेत लिहिलेले आणि प्रत्यक्षात घडलेले यांत पडणारे अंतर त्यांना दिसत होते. १९७१ साली नियोजन मंडळातील काम संपवून ते दिल्लीहून पुण्यास यावयास निघाले. पण ते घरी पोचले नाहीत. ३ मे १९७१ रोजी परतीच्या प्रवासातच त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते.

त्यानंतर काळ पुष्कळ बदलला. ज्या नियोजन मंडळाचे ते उपाध्यक्ष होते, ते बंद होऊन १ जानेवारी २०१५ रोजी त्याच्या जागी नीती आयोग ही नवी संस्था आली. त्यांनी घालून दिलेले सूत्रही आता वापरात नाही. पण राज्याराज्यांत, गावागावांत आणि माणसामाणसांत न्याय्य वाटणी कशी करावी, हा प्रश्न संपलेला नाही. तो प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागतो.

तो सोडवू पाहणाऱ्याने धनंजयरावांच्या चरित्राकडे पाहावे. त्यांनी सरकारांना सल्ला दिला, पण त्याआधी घरोघर जाऊन माहिती मिळविली. त्यांनी सहकाराचा पुरस्कार केला, पण त्याचे अपयश लपविले नाही. त्यांच्या हाती अधिकार आला, तेव्हा त्यांनी तो नियमाने बांधून घेतला. फळबाजारातील बागवाल्याच्या पदरात काय पडते, हे शोधण्यापासून त्यांच्या कार्याला आरंभ झाला होता. देशाच्या संपत्तीतील वाटा शेवटच्या माणसाच्या पदरात पडतो की नाही, हाच प्रश्न ते जन्मभर विचारीत राहिले.